हिवाळ्याचे पान, उन्हाळ्याची बरणी

पुदिना, मेथी, कढीपत्ता घरीच वाळवा. बकरीदच्या दस्तरखानापर्यंत पुरवा

जानेवारीत बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही आठवडी बाजारात दिवस मावळताना चक्कर मारा. मेथी, पुदिना, कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन बसलेला शेतकरी मिळेल त्या भावाला माल देऊन टाकत असतो. जे उरते ते जनावरांपुढे जाते. चार महिन्यांनी मेच्या उन्हात त्याच बाजारात मूठभर पुदिन्यासाठी तीन ठिकाणी विचारावे लागते. मिळाला तर पाने कोमेजलेली, काड्या जास्त, आणि भाव ऐकून हात मागे येतो.

घरच्या अंगणातही तेच. दिवाळीनंतर कुंडीतला पुदिना इतका फोफावतो की शेजारीपाजारी वाटूनही संपत नाही. एप्रिल उजाडला की नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी, आणि मग पिण्याचे पाणी कुंडीत ओतायचे की माठात भरायचे, हा प्रश्नच उरत नाही. कुंडी सुकते. म्हणजे जेव्हा पान भरपूर असते तेव्हा ते वाया जाते आणि जेव्हा खरी गरज असते तेव्हा ते नसते.

यावरचा उपाय आपल्या दादी-नानींना ठाऊक होता. त्या कुरडया, पापड, सांडगे करत, हरभऱ्याची कोवळी भाजी वाळवून ठेवत, गवारीच्या शेंगा सुकवत. वाळवण हा मराठवाड्याच्या स्वयंपाकाचा कणा आहे. पण पुदिना आणि मेथीसारखी सुगंधी पाने वाळवायची रीत पापडाच्या रीतीपेक्षा वेगळी आहे. ती नीट समजली नाही तर बरणीत हिरव्या पानाऐवजी तपकिरी चुरा उरतो, आणि “घरचे काही टिकत नाही” म्हणून आपण पुन्हा दुकानातले पाकीट आणतो.

सणांचा हिशेबही लक्षात घ्या. आपले सण चंद्रावर चालतात, दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतात. २०२६ साली रमजान फेब्रुवारीत आणि बकरीद मेच्या अखेरीस. त्यापुढची तीन-चार वर्षेही रमजान थंडीच्या दिवसांत, म्हणजे हिरव्या पाल्याच्या हंगामात येणार आहे, आणि बकरीद एप्रिल-मेच्या ऐन टंचाईत. कबाब, कोर्मा, बिर्याणी, दह्याची चटणी, या सगळ्यांना पुदिना ज्या दिवसांत सर्वांत जास्त लागतो, त्याच दिवसांत तो मिळत नाही. म्हणून तयारी हिवाळ्यातच करायला हवी.

पानात साठवलेले पाणी

आमचा जिल्हा पर्जन्यछायेतला. २०१५-१६ चा दुष्काळ कुणी विसरलेले नाही. केज तालुक्यात धनेगावला असलेले मांजरा धरण कोरडे पडले. याच धरणावर अवलंबून असलेल्या लातूर शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा उन्हाळ्यात परसबाग जगवणे कुणालाही शक्य नसते, आणि तसा हट्टही धरू नये.

मात्र हिवाळ्यात विहिरीला, बोअरला, नळाला थोडेफार पाणी असते. त्या पाण्यावर वाढलेले पान वाळवून ठेवणे म्हणजे जानेवारीतले पाणी मे महिन्यासाठी राखून ठेवणे होय. बरणीतल्या पुदिन्याला उन्हाळ्यात एक थेंबही पाणी लागत नाही. मला वाटते, वाळवणाचा खरा फायदा हाच आहे. चार पैसे वाचतात ते वेगळेच.

हिवाळ्यातही नळाचे ताजे पाणी कुंड्यांना घालायची गरज नाही. घरात चार माणसे पाच वेळा वजू करत असतील, तर ते पाणी मोरीतून वाहून जाण्याऐवजी एका टबात जमा करा. भाज्या, डाळ-तांदूळ धुतलेले पाणीही चालते. साबणाचे, खारे किंवा तेलकट पाणी मात्र नको. एवढ्या पाण्यावर पुदिन्याच्या दोन-तीन मोठ्या कुंड्या आणि मेथीचा एक छोटा वाफा आरामात निघतो. पुदिन्याला बी आणायचीही गरज नाही. बाजारच्या जुडीतल्या जाडसर काड्या खालची पाने काढून ओल्या मातीत तिरप्या खोचल्या की आठ-दहा दिवसांत मुळे धरतात. मेथी पेरल्यापासून महिनाभरात कापायला येते.

आता थोडे गणित. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांनुसार ताज्या पुदिन्यात साधारण ८५ टक्के, मेथी आणि कोथिंबिरीत ८६ टक्के, तर कढीपत्त्यात ६४ टक्के पाणी असते. म्हणजे काड्या काढलेल्या १०० ग्रॅम पुदिन्याच्या पानांपासून नीट वाळल्यावर १६-१७ ग्रॅम माल हाती येतो. तेवढ्याच कढीपत्त्यापासून चाळीस ग्रॅमच्या आसपास. वर्गात तराजू ठेवून मुलांकडून हा प्रयोग करून घेतला की शेकडेवारी आणि बाष्पीभवन हे दोन धडे एकदमच होतात. घरातही आधी आणि नंतर वजन करून पाहा. वजन अपेक्षेपेक्षा बरेच जास्त भरले, तर पान अजून ओले आहे असे समजा.

वाळवणाचे दोन हंगाम

मराठवाड्यात पाने वाळवायला वर्षात दोन वेळा चांगल्या. पहिली ऑक्टोबरची. पाऊस गेलेला, झाडे तरारलेली, हवा कोरडी होत चाललेली. दुसरी जानेवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंत. दुपारी हवेत ओलावा अगदी कमी, वारा चालू, आणि उन्हाचा चटका अजून बेताचा.

ऑक्टोबरचे वाळवण आमच्या भागात आणखी एका कारणाने मोलाचे आहे. दसरा-दिवाळीनंतर जिल्ह्यातली हजारो कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. कोपीवर राहायचे, पहाटे उठून फडावर जायचे, भाजीला ना वेळ ना पैसा. वाळवलेली मेथी, कढीपत्त्याची चटणी वजनाला हलकी, सांभाळायला सोपी. भाकरीसोबत दोन चिमटी पडल्या तरी जेवणाला चव येते. ज्यांची माणसे जातात त्यांनी गाठोड्यात एक डबा याचाही ठेवावा.

जून ते सप्टेंबर मात्र पाने वाळवायच्या भानगडीत पडू नका. हवेतच ओलावा असतो, पान वाळायच्या आधी काळे पडते किंवा त्याला बुरशी येते.

रत्नागिरी, रायगड किंवा मुंबईच्या वाचक भगिनींना हवेचा हा त्रास जवळपास वर्षभर असतो. त्यांनी डिसेंबर-जानेवारीचे कोरडे दिवस साधावेत आणि पाने पंख्याखाली वाळवावीत. दुसरा सोपा मार्ग फ्रिजचा. बर्फ न साठणाऱ्या फ्रिजमधली हवा कोरडी असते. धुऊन कोरडी केलेली पाने ताटात कागदावर एका थरात पसरून उघडीच ठेवली, तर आठ-पंधरा दिवसांत कुरकुरीत होतात आणि रंगही टिकतो. घरात मायक्रोवेव्ह असेल तर दोन कागदी रुमालांमध्ये पाने ठेवून अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने थांबत, पाहत वाळवता येतात.

ऊन नको, वारा हवा

पापड, कुरडई, मिरची यांना कडक ऊन लागते. पुदिना-मेथीचे तसे नाही. पानाचा सुगंध म्हणजे त्यातले उडून जाणारे तेल. पान जितके तापेल तितके ते तेल पाण्याबरोबर उडते. थेट उन्हाने हिरवा रंगही जातो आणि पानातले जीवनसत्त्व अ देणारे द्रव्य कमी होते. क जीवनसत्त्व कसेही वाळवले तरी बरेचसे जातेच, त्याची भरपाई लिंबाने करावी. लोह आणि कॅल्शियम मात्र वाळवल्याने नाहीसे होत नाहीत.

तेव्हा सूत्र सोपे आहे: सावली, पसरट थर आणि खेळती हवा.

कापणी सकाळी करा. दव उडालेले असावे पण ऊन चढलेले नसावे. झाड फुलावर येण्याआधी कापलेल्या पानांना वास अधिक असतो. किडकी, पिवळी पाने तिथेच बाजूला काढा. मग भरपूर पाण्यात पाने दोनदा बुडवून हलवून घ्या. चोळू नका, चोळल्याने पान जखमी होते आणि तिथे काळे पडते. धुतलेले पाणी कुंडीला परत द्या.

पाणी निथळले की पाने सुती ओढणीत सैल बांधा आणि हाताने गरगर फिरवून उरलेले पाणी झटका. मग जुन्या सुती चादरीवर पसरून तासभर पंख्याखाली ठेवा. पानावरचे पाणी पूर्ण गेल्याशिवाय पुढचे काम सुरू करू नये. बहुतेक वाळवण इथेच बिघडते.

पसरायला सर्वांत चांगली वस्तू म्हणजे आपली सुतळीने विणलेली बाज. बाजेवर पातळ कापड अंथरून त्यावर पाने एका थरात पसरली की खालून आणि वरून दोन्हीकडून वारा लागतो. वरून मलमलची ओढणी टाका, म्हणजे धूळ आणि माश्या बसत नाहीत. बाज ओसरीत, खोलीत खिडकीशी किंवा झाडाच्या दाट सावलीत ठेवा. जुन्या माळवदाच्या घरात आतली खोली थंड आणि कोरडी असते, ती यासाठी उत्तम. पत्र्याच्या छतावर मात्र पाने कधीच वाळत घालू नका. दुपारी पत्रा इतका तापतो की पान वाळत नाही, करपते. संध्याकाळी हवा दमट वाटली तर बाज आत घ्या. दिवसातून एकदा पाने हलक्या हाताने उलटीपालटी करा. वर्तमानपत्रावर ओली पाने पसरायचे टाळा, छपाईची शाई अन्नाला लागू देऊ नये.

प्रत्येक पानाची रीत वेगळी

पुदिना: काड्यांवरून पाने खुडून घ्या, काडी उशिरा वाळते आणि पानाला ओलावा देत राहते. थंडीत तीन ते पाच दिवस, मार्चमध्ये दोन-तीन दिवस लागतात. वाळलेले पान गर्द हिरवे दिसते, थोडे काळसर चालते. तपकिरी झाले असेल तर उष्णता जास्त लागली.

मेथी: वाळवून जिचा वास खुलतो अशी ही भाजी. ‘कसुरी मेथी’ हे नाव लाहोरच्या दक्षिणेला असलेल्या कसूर या गावावरून आले. भारतात आता तिचे मोठे पीक राजस्थानच्या नागौर भागात निघते. ती आपल्या नेहमीच्या मेथीची सख्खी नाही, चुलत बहीण: पान बारीक, फूल पिवळे, वास अधिक. पण आपली गावठी मेथीही छान वाळते, कडूपणा किंचित जास्त एवढेच. फक्त पाने घ्या, देठ डाळीत टाका. तीन-चार दिवसांत पाने हातात कुस्करली जातात.

कढीपत्ता: याचे पान जाड, तरी पाणी कमी, म्हणून वाळायला चार ते सहा दिवस घेते पण बिघडत नाही. वाळल्यावर वास निम्मा होतो हे खरे. ज्यांच्या दारात झाड आहे त्यांनी तो वाळवायची घाई करू नये, कारण मोठे झाड उन्हाळ्यात कमी पाण्यावरही तग धरते. भाड्याच्या घरात, फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी जरूर वाळवावा.

शेपू: मेथीसारखाच वाळवावा. डाळीत, ताकात छान लागतो. घरात सर्वांना आवडत असेल तरच करा.

कोथिंबीर: इथे स्पष्ट सांगते, कोथिंबिरीचे पान वाळवू नका. तिचा वास ज्या घटकांमुळे येतो ते वाळवताना उडून जातात, आणि मागे गवतासारखे पान उरते. ज्यांच्याकडे फ्रीझर आहे आणि वीज फारशी जात नाही, त्यांनी थोड्या पाण्यात वाटून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवावी. बाकीच्यांनी वाफ्याचा एक कोपरा न कापता सोडावा. फुले येतील, मग धने धरतील. धने हीच निसर्गाने केलेली कोथिंबिरीची साठवण आहे. झाड पिवळे पडले की उपटून, जुडी बांधून सावलीत उलटी टांगा आणि खाली कापड अंथरा. धने वर्षभर टिकतात, आणि पुढच्या हंगामाचे बीसुद्धा तेच.

सब्जा: दर्ग्यात आणि कबरीवर फुलांसोबत ठेवला जाणारा हा सुगंधी तुरा बहुतेक घरांच्या अंगणात असतो. त्याचे सुकलेले तुरे पिशवीत घालून चोळले, पाखडले की काळे बी मिळते. इफ्तारच्या शरबतात, फालुद्यात घालायला दुकानातून आणायची गरज राहत नाही.

गवती चहा: लांब पाने धुऊन, कोरडी करून, कात्रीने बोटभर तुकडे करून सावलीत वाळवावीत.

ओव्याचे पान मांसल आणि पाण्याने भरलेले असते. ते वाळवत बसू नका, ताजेच भज्यांना वापरा.

म्हणजे वेळ थोडा असेल तर क्रम असा: आधी पुदिना, मग मेथी, मग धने, आणि उरलेल्या वेळात बाकीचे.

बरणीत भरण्याआधी

पान वाळले की नाही हे हाताने ओळखा. मुठीत दाबल्यावर कुरकुर आवाज होऊन तुटले पाहिजे. दुमडले तर अजून एक दिवस द्या. मग स्वच्छ, पूर्ण कोरड्या काचेच्या बरणीत पाने सैल भरून झाकण लावा आणि दोन दिवस लक्ष ठेवा. काचेला आतून दव आले किंवा पाने मऊ पडली तर लगेच काढून पुन्हा पसरा. ही दोन दिवसांची परीक्षा टाळू नका. वरून कोरड्या दिसणाऱ्या पानाच्या शिरेत ओल राहते आणि ती बंद बरणीत सगळीकडे पसरते.

पाने अख्खीच ठेवा, चुरा करून ठेवू नका. सूरह यूसुफमध्ये दुष्काळाच्या सात वर्षांची तयारी सांगताना हजरत यूसुफ अलैहिस्सलाम धान्य कणसातच राहू द्यायला सांगतात, खाण्यापुरते तेवढे काढायचे. कणसातला दाणा हवा आणि किडीपासून जास्त सुरक्षित राहतो. पानाचेही असेच आहे. अख्ख्या पानात सुगंधी तेल आत बंद असते, चुरा केला की ते उडू लागते. लागेल तेव्हा तळहातावर घेऊन चुरडावे.

बरणी गॅसच्या वरच्या फळीवर ठेवू नका, तिथे उष्णता आणि वाफ दोन्ही. खिडकीत ठेवू नका, उजेडाने रंग उडतो. कपाटातली अंधारी, कोरडी जागा चांगली. काचेची बरणी नसेल तर घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा उत्तम, त्यात उजेडही जात नाही. पातळ प्लास्टिकच्या पिशवीतून वास निघून जातो. एका मोठ्या बरणीऐवजी दोन-तीन लहान बरण्या भरा. रोज उघडली जाणारी एकच राहील, बाकीच्या बंद. प्रत्येकीवर चिठ्ठी लावा: पानाचे नाव, महिना, वर्ष. सहा महिन्यांपर्यंत चव पुरी, वर्षाच्या आत संपवावे. जुलै-ऑगस्टमध्ये बरणीत ओला चमचा किंवा ओला हात जाऊ देऊ नका.

दस्तरखानावर

मोजमाप सोपे ठेवा: जिथे तीन चमचे चिरलेले ताजे पान लागते तिथे एक चमचा वाळलेले पुरते.

शामी कबाबात वाळलेला पुदिना ताज्यापेक्षा चांगला लागतो असे माझे मत आहे. ताज्या पानाचे पाणी मिश्रणात उतरते आणि कबाब तळताना फुटतात. वाळलेले पान उलट थोडी ओल शोषून घेते. सीख कबाबाच्या खिम्यालाही हेच लागू. बिर्याणीच्या थरात घालताना दोन चमचे कोमट दुधात भिजवून घाला. दह्यात घालायचा असेल तर जेवणाआधी पंधरा-वीस मिनिटे मिसळून ठेवा, लसूण आणि मीठ घालून बुरानी तयार. ताकात चिमूटभर चुरडून घातला की उन्हाचा शीण जातो.

मेथी वापरण्याआधी गरम तव्यावर, आच बंद करून, पाच-दहा सेकंद फिरवा आणि मग चुरडा. खिमा, बटाटा, डाळ कशातही शेवटी घाला. कढीपत्ता बघारात घालताना तेल किंचित उतरू द्या, वाळलेले पान क्षणात जळते. १९४८ पर्यंत बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. आमच्याकडे खट्टी दाल आणि बघारे बैंगन घरोघरी होतात ते त्यामुळेच, आणि या दोन्हींची जान कढीपत्त्यात आहे. उरलेला कढीपत्ता तीळ, कारळ, सुके खोबरे आणि लाल मिरचीबरोबर भाजून, कुटून कोरडी चटणी करावी. ज्वारीच्या भाकरीसोबत मुलेही आवडीने खातात.

वाळलेले पान म्हणजे ताज्याची गरिबाघरची नक्कल, असा एक गैरसमज आहे. इराणमध्ये आश नावाच्या घट्ट सूपवर वाळलेला पुदिना तेलात परतून वरून मुद्दाम घालतात. त्यांच्या प्रसिद्ध घोर्मे सब्जीत वाळलेली मेथी लागते. तुर्की घरांत दही-काकडीवर वाळलेला पुदिना भुरभुरतात. फिलिस्तीन आणि लेबनॉनमध्ये जातर हे रानपाल्याचे वाळवण तीळ आणि आंबटसर सुमाक घालून रोटी आणि जैतूनच्या तेलाबरोबर न्याहारीला असते. कमी पाण्याच्या मुलखांनी वाळवणाला आपल्या स्वयंपाकात मानाचे स्थान दिले आहे. आपला मुलूखही तसाच आहे.

याबाबत सावध राहा

बरणीत पांढरी, हिरवी किंवा काळी बुरशी दिसली, कुबट वास आला, तर वरचा भाग काढून खालचा वापरू नका. सगळेच टाका. बुरशीचे विष डोळ्यांना दिसत नाही आणि शिजवल्याने जाईलच असे नाही. इसराफ होईल म्हणून खराब अन्न पोटात घालणे ही बचत नाही. इसराफ टाळायचा तो वाळवतानाच, नीट काळजी घेऊन.

दुसरी गोष्ट तेलाची. ताजा लसूण, पुदिना किंवा हिरवी मिरची नुसत्या तेलात बुडवून बाहेर ठेवायची पद्धत हल्ली मोबाइलवरच्या व्हिडिओंत दिसते. तेलाखाली हवा पोहोचत नाही, आणि ओलसर पदार्थात अशा ठिकाणी बोट्युलिझम नावाची गंभीर विषबाधा करणारे जंतू वाढू शकतात. त्याला वास येत नाही, चव बदलत नाही. असे तेल करायचेच असेल तर थोडे करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-चार दिवसांत संपवा. भरपूर मीठ आणि आंबट घातलेल्या लोणच्याची गोष्ट वेगळी.

तिसरे, हे मसाले आहेत, औषध नव्हे. मेथीची पाने भाजीत खुशाल खा. पण मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना मेथीचे चूर्ण चमच्याने घ्यायचे असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

घरातले सगळे हात

हे काम एकट्या अम्मीचे समजू नका. पाने खुडायला दादी, ओढणी फिरवायला मुले, बाज उचलायला अब्बा, चिठ्ठ्या लिहायला शाळेत जाणारी मुलगी. मराठी आणि उर्दू दोन्ही लिपींत चिठ्ठ्या लिहून घ्या, अक्षरही सुधारते. शालेय पोषण आहारासाठी अनेक शाळांत परसबागा आहेत. हिवाळ्यात तिथे उरणारी मेथी वाळवून उन्हाळी सुट्टीआधीच्या खिचडीत घालता येते.

महिला बचत गटांनाही यात वाव आहे. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत शिकलेले वैभव तिडके आणि त्यांच्या मित्रांनी सौर वाळवणयंत्र तयार केले. त्यांच्या एस फोर एस टेक्नॉलॉजीज या कंपनीबरोबर खेड्यातल्या अनेक बायका शेतमाल वाळवून कमाई करतात. या कामाला २०२३ साली अर्थशॉट हा जागतिक पुरस्कार मिळाला. आपल्या जिल्ह्यात डिघोळ अंबा आणि खामगाव इथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत, तिथे वाळवणाबद्दल विचारता येईल. विकायचा विचार असेल तर अन्न सुरक्षा विभागाकडे नोंदणी आधी करा.

पण सुरुवात एका जुडीने करा. या आठवड्यात पुदिना स्वस्त दिसला की दोन जुड्या जास्त घ्या, किंवा कुंडी कापून काढा. पाने खुडा, धुवा, झटका, बाजेवर पसरा. चार-पाच दिवसांनी बरणी भरा, दोन दिवस काचेवर नजर ठेवा, चिठ्ठी लावा आणि कपाटात ठेवून द्या. बकरीदच्या सकाळी कबाबाचे पीठ मळताना ती बरणी हाताशी असेल.